आधी मणी, मग दोरा, शेवटी हुक: क्रोशावर मण्यांचा गोफ शिकताना

क्रोशाला मणी लावणं आपल्याकडे नवं नाही. पाण्याच्या तांब्यावर, दुधाच्या पातेल्यावर टाकायचे जाळीचे रुमाल आणि त्यांच्या कडेला लोंबणारे मणी अजून कितीतरी घरांत सापडतील. मण्यांच्या वजनाने रुमाल वाऱ्यावर उडत नाही. पण तिथे मणी एकेकटा लोंबतो, त्यामुळे एखादा जाड किंवा बारीक निघाला तरी बिघडत नाही. गोफाचं तसं नसतं. सगळे मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यायचे आणि मग एका टाक्याला एक मणी असं गोल गोल विणत जायचं. त्यातून जो लवचिक दोर तयार होतो त्यात बाहेरून फक्त मणीच दिसतात, दोरा आत लपतो. नेपाळहून येणाऱ्या, मुठीवरून लोळवत मनगटावर चढवायच्या बांगड्या पाहिल्या असतील, तर त्या याच विणीच्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कैदेत असलेल्या तुर्की सैनिकांनी याच विणीत मण्यांचे साप विणले. त्यांतल्या काहींच्या पोटावर ‘टर्किश प्रिझनर्स’ ही अक्षरं आणि साल मण्यांतच उमटवलेलं आहे.

गोफात प्रत्येक मणी चहूबाजूंनी दुसऱ्या मण्यांना टेकलेला असतो, म्हणून इथे सामानाची निवड फार महत्त्वाची. शिकायला येणाऱ्या बहुतेकींचं गाडं पहिल्या दोन फेऱ्यांतच अडतं आणि ‘माझा हातच जड आहे’ असं म्हणून त्या काम बाजूला ठेवतात. हातातलं सामान पाहिलं तर मणी बारीक, दोरा मशीनचा आणि हुक लोकरीचा असतो. एवढ्या विजोड सामानावर मुरलेल्या बाईचाही गोफ नीट व्हायचा नाही.

म्हणून क्रम पक्का धरा. आधी मणी ठरवायचा. त्याच्या भोकाला बसेल असा दोरा घ्यायचा. त्या दोऱ्याला पेलेल असा हुक घ्यायचा. घरात हुक पडलाय म्हणून त्याच्यावरून बाकीचं ठरवायला जाऊ नका.

मणी

बारीक काचेच्या मण्यांचे आकार ६/०, ८/०, ११/०, १५/० असे लिहितात. आकडा जितका मोठा, मणी तितका लहान. ६/० चा मणी साधारण ४ मिलिमीटरचा, ८/० चा ३, ११/० चा २ किंवा किंचित जास्त आणि १५/० चा दीड मिलिमीटरचा. दुकानात मात्र कुणी ‘आठ नंबर’ म्हणतं, कुणी ‘थ्री एमएम’, आणि पुडीवर बऱ्याचदा काहीच लिहिलेलं नसतं. अशा वेळी पट्टी काढा. दहा मणी भोकं वर करून पट्टीच्या कडेला एकमेकांना चिकटवून ठेवा. ते ४ सेंटिमीटर भरले तर ६/०, ३ भरले तर ८/०, २ च्या आसपास आले तर ११/०. मणी दोऱ्यात ओवून मोजू नका. ओवल्यावर मण्याची जाडी मोजली जाते, आणि ती रुंदीपेक्षा कमी असते.

पहिल्या गोफासाठी ६/० च घ्या. दागिन्याच्या दुकानातल्या नाजूक माळा डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे सगळ्यांचा हात ११/० कडे जातो, हे मला ठाऊक आहे. पण शिकताना टाका दिसला पाहिजे. ११/० मध्ये मण्यामागचा दोऱ्याचा फेरा सराव नसलेल्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या फेऱ्यात हुक घालायचा म्हणजे अंदाजपंचे काम.

कोणत्या देशातला मणी घ्यायचा? जपानी मणी, म्हणजे मियुकी किंवा तोहो, आकाराने एकसारखे आणि भोकाला मोठे. दोन्ही कंपन्या हिरोशिमा भागातल्या. चेक मणी, म्हणजे प्रेसिओसा, थोडे चपटे आणि गोलसर, किंचित उन्नीस-बीस असतात. गोफाला ते छान शोभतात. आपल्या बाजारात वजनावर मिळणारे भारतीय मणी स्वस्त असतात, रंगही भरपूर, पण एकाच पुडीत तीन जाड्या निघतात. परवडत असेल तर पहिला नमुना जपानी किंवा चेक मण्यांचाच करा. नसेल तर भारतीय मणी घ्या, पण मागायचे त्याच्या दुप्पट, कारण निवडून निम्मे बाजूला पडतील. तांदूळ निवडतो तसे ताटात पसरून निवडायचे: अगदी पातळ, अगदी जाड, भोक तिरकं असलेले, कड फुटलेले आणि एकमेकांना चिकटलेले सगळे बाहेर. कड फुटलेला मणी तर अजिबात ठेवू नका. तो आतून दोरा कापतो आणि गोफ महिन्या-दोन महिन्यांनी अचानक उसवतो. याच कारणासाठी कटदाणा आणि नळीचे मणी शिकताना नकोत. मियुकीचा ‘डेलिका’ हा नळकांड्यासारखा मणी सपाट वीणकामात सुरेख दिसतो, पण गोफात त्याच्या कडा एकमेकांवर अडतात. गोल मणीच घ्या.

रंगांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण अर्धं शिक्षण त्यात आहे. पहिल्या गोफाच्या एका फेरीत ६ मणी असतील, तेव्हा ६ रंग घ्या. सगळे अपारदर्शक, बिनचमकीचे आणि एकमेकांपासून लांबचे: पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, आकाशी, काळा. गडद निळा आणि काळा एकत्र घेऊ नका, ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात. आत चांदीचा मुलामा असलेले मणी पहिल्या खेपेला टाळा, त्यांच्या चकाकीत टाका हरवतो. पारदर्शक मण्यातून दोऱ्याचा रंग दिसतो, म्हणजे मण्याचा रंगही बदललेला भासतो. पुढे ही गंमत मुद्दाम वापरता येते, आत्ता नको.

६ रंगांचा उपयोग असा: मणी एकाच क्रमाने ओवले की विणताना प्रत्येक मणी आपल्याच रंगाच्या मण्यावर बसतो. लाल मण्याच्या फेऱ्यात हुक घातलाय आणि दोऱ्यावरून पुढे येणारा मणी हिरवा आहे, म्हणजे चूक झाली आणि ती त्याच क्षणी कळली. एकरंगी गोफात हीच चूक दोन बोटं विणून झाल्यावर दिसते.

रंग पक्का आहे का, हे घरी पाहता येतं. ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडा साबण घेऊन पाच-सहा मणी चोळा. दोन मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये टाका. गुलाबी, जांभळे आणि सोनेरी मुलाम्याचे मणी इथे बऱ्याचदा नापास होतात, आणि अंगावर घामाने तेच घडणार असतं.

दोरा

दोऱ्याने मण्याचं भोक बऱ्यापैकी भरलं पाहिजे, तरी मणी त्याच्यावरून विनासायास घसरला पाहिजे. दोरा फार बारीक असेल तर गोफ लुळा पडतो, मणी हलतात आणि मधून दोऱ्याचे फेरे डोकावतात. फार जाड असेल तर प्रत्येक मणी ढकलताना दोऱ्याला केस सुटतात आणि शेवटचे मणी अडकूनच बसतात. दुकानात मणी सोबत न्या आणि तिथेच ओवून पाहा.

क्रोशाच्या सुती दोऱ्यालाही मण्यासारखेच उलटे आकडे असतात: १० नंबर जाड, २० त्याहून बारीक, ३० आणखी बारीक. ६/० च्या मण्याला १० नंबरचा दोरा बसतो, ८/० ला २० नंबर, आणि ११/० ला ३० किंवा ४० नंबर. पर्ल कॉटन, म्हणजे पिळाचा चमकदार सुती दोरा, वापरायचा तर ८/० साठी ८ नंबर आणि ११/० साठी १२ नंबर. अँकर आणि डीएमसीचे गुंडे आपल्याकडे सहज मिळतात. पिळ घट्ट हवा. दुकानातच दोऱ्याचं टोक बोटांत उलटं फिरवून पाहा. लगेच उकलून पदर सुटे झाले तर तो दोरा हुकाच्या टोकाखाली सतत फाटत राहील.

काय घेऊ नये, तेही सांगते. भरतकामाची सहापदरी लडी नको, तिचे पदर वेगळे होतात. मशीनचा दोरा मोठ्या मण्याला फार बारीक. लोकर भोकातून जात नाही, गेली तर झिजते. तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनचा ताठ दोरा, घ्यायचा मोह पुष्कळांना होतो, कारण माळा ओवायला तो वापरलेला असतो आणि त्याला सुईही लागत नाही. पण तंगूस फेरा धरत नाही, प्रत्येक टाका उसळी मारून सैल होतो. रेशीम दिसायला देखणं, पण निसरडं. हाताचा ताण सारखा झाल्यावर घ्या.

सुती दोरा शिकायला उत्तम, कारण तो टाका जागच्या जागी धरून ठेवतो. मात्र तो घाम पितो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रोज घालायच्या बांगडीसाठी पुढे पिळाच्या नायलॉन दोऱ्याकडे वळा. मणीकामासाठी मिळणाऱ्या नायलॉन दोऱ्यावर टेक्स असा आकडा असतो. टेक्स २१० चा दोरा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, तो ८/० ला चालतो. टेक्स १३५ त्याहून बारीक, तो ११/० ला. इथे आकडा सरळ आहे, मोठा म्हणजे जाड.

दोऱ्याचा रंग पहिल्यांदा फिका घ्या: मोतिया, फिका राखाडी. काळ्या दोऱ्यावर टाका शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

हुक

लोकरीचे ॲल्युमिनियमचे हुक इथे कामाचे नाहीत, ते २ मिलिमीटरच्या पुढेच सुरू होतात. बारीक दोऱ्यासाठी स्टीलचे हुक असतात. त्यांच्यावरचे नंबर कंपनीगणिक बदलतात, म्हणून मिलिमीटर पाहा. जपानी टुलिपचा २ नंबर म्हणजे १.५ मिलिमीटर, ४ नंबर १.२५ आणि ६ नंबर १; दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावर तेच आकडे वेगळ्या मापाला असू शकतात. आपल्याकडचा पोनीचा हुकही शिकायला पुरेसा चांगला आहे.

६/० आणि १० नंबरच्या दोऱ्यासाठी १.५ किंवा १.७५ मिलिमीटर, ८/० साठी १.२५ ते १.५, ११/० साठी १ च्या आसपास. शक्य असेल तर शेजारशेजारचे दोन घ्या, कारण हाताचा ताण प्रत्येकीचा वेगळा. टाके इतके घट्ट होत असतील की हुक आत शिरत नाही, तर मोठा हुक घ्या. मणी टाक्यात डोलत असतील तर लहान घ्या. हुकाच्या खाचेत दोरा पूर्ण बसला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला की दर दुसऱ्या टाक्याला पदर फाटतात.

हुकाचं टोक गालावर फिरवून पाहा. टोचलं तर तो नको, टोक गुळगुळीत आणि गोलसर हवं. दांडा बारीक असल्याने अर्ध्या तासात बोटं आखडतात. पेन्सिलीला लावतात ती रबराची पकड चढवली की पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात काम झाल्यावर हुक कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. गंजाचा एक ठिपकासुद्धा फिक्या दोऱ्यावर डाग सोडतो.

पहिल्या खेपेची खरेदी

६/० चे ६ रंग, प्रत्येकी १० ग्रॅम. एका ग्रॅममध्ये ६/० चे दहा ते पंधरा मणी बसतात, म्हणजे प्रत्येक रंगाचे शंभराच्या वर झाले. (८/० चे ग्रॅमला चाळीसच्या आसपास, ११/० चे शंभराहून जास्त, पुढच्या खरेदीला उपयोगी पडेल.) १० नंबरच्या फिक्या सुती दोऱ्याचा एक गुंडा, १.५ आणि १.७५ चे हुक, छोटी कात्री, फेव्हिकॉल. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि मुंबईत भुलेश्वरला मणी वजनावर मिळतात. जपानी मणी मात्र बहुतेक ऑनलाइनच मागवावे लागतात. फिरकीसारखं मणी ओवायचं यंत्रही मिळतं, पण ते एकरंगी लांब माळेला. सध्या लागत नाही.

ओवणं

दोरा गुंड्यापासून कापायचा नाही. टोकाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग फेव्हिकॉलमध्ये बुडवा, बोटांनी ओढून ताठ करा, वाळू द्या आणि तिरका कापा. हीच तुमची सुई. आता पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, आकाशी, काळा, पुन्हा पांढरा, असा क्रम न मोडता प्रत्येक रंगाचे २०, एकूण १२० मणी ओवा. एवढ्यात बोटभर गोफ होतो, आणि हात बसायला तेवढा पुरतो. सहा-सहा झाले की एकदा नजर टाका. इथे चुकलेला क्रम विणताना नडतो. शेवटी ओवलेला मणी सर्वांत आधी विणला जातो हेही ध्यानात असू द्या. पुढे कागदावरच्या नमुन्यावरून विणताना त्याचं महत्त्व कळेल.

पहिली फेरी

वीतभर टोक सोडून सरकफास घाला आणि हुकावर चढवा. एक मणी हुकाजवळ सरकवा, त्याच्या पलीकडून दोरा हुकावर घ्या आणि फासातून ओढा. मण्यासकट एक साखळी झाली. अशा सहा साखळ्या घाला, सहा मणी. हे इवलंसं वेडंवाकडं शेपूट पाहून घाबरू नका, पहिल्या दोन-तीन फेऱ्या कधीच सुबक दिसत नाहीत.

आता पहिल्या साखळीकडे वळून गोल जुळवायचा. उजव्या हाताने विणणाऱ्यांसाठी सांगते. डावखुऱ्यांनी हेच उलट दिशेने करायचं. पहिल्या मण्याला धरून ठेवणारा जो दोऱ्याचा फेरा आहे, त्याच्याखाली मण्याच्या डाव्या अंगाने हुक घाला. मणी बोटाने हुकावरून उजवीकडे कलवा. दोऱ्यावरून त्याच रंगाचा नवा मणी खाली आणा आणि कामाला टेकवा. दोरा जुन्या मण्याच्या उजवीकडूनच आला पाहिजे, म्हणजे जुना मणी दोऱ्याखाली अडकून आडवा राहतो. मग दोरा हुकावर घेऊन दोन्ही फासांतून एकदम ओढा. ही स्लिप स्टिच. पुढचा मणी, पुन्हा तेच.

बरोबर जमलंय का, हे मण्याच्या भोकावरून कळतं. वरच्या फेरीतले सहा मणी उभे असतात, म्हणजे वरून पाहिलं तर त्यांची भोकं दिसतात. ज्यांच्यावर टाका पडलाय ते आडवे झालेले असतात, त्यांची भोकं बाजूला वळलेली. खालचा एखादा मणी अजून उभाच दिसला, तर त्याला कलवायचं राहिलंय किंवा दोरा त्याच्या चुकीच्या बाजूने आलाय. लगेच तेवढा टाका उसवा. स्लिप स्टिच ओढली की सुटते. फक्त हुक आधी काढून घ्या आणि हवा त्या फासात परत घाला.

तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत नळी उभी राहत नसेल तर मधे उदबत्तीची काडी घाला आणि तिच्याभोवती विणा. स्लिप स्टिचऐवजी मुका खांब (सिंगल क्रोशे, दोरा दोनदा ओढून घालायचा टाका) घालून विणणाऱ्याही आहेत; तो गोफ जास्त लवचिक होतो, पण फुगीर आणि सैलही. सुरुवात स्लिप स्टिचनेच करा, मणी जास्त घट्ट आणि नेटके बसतात.

अडलं तर

रंग जुळेनासे झाले तर विणीतली चूक आधी शोधा: फेरीत पाचच उभे मणी दिसले तर एक गाळलाय. वीण बरोबर असेल तर चूक ओवण्यातली. जास्तीचा मणी ओवला गेला असेल तर तो फोडायचा, पण पकडीने चिरडायचा नाही, काचेचे तुकडे दोरा कापतात. भोकात जाडसर टाचणी घालून दाब द्या, मणी बाहेरच्या बाजूला फुटतो. डोळ्यांवर चष्मा हवा आणि मण्यावर फडकं. उलट एखादा मणी ओवायचाच राहिला असेल तर त्या सहातले उरलेले पाचही फोडा आणि पुढच्या सहापासून सुरू करा. पाच मण्यांपायी सगळं उसवण्यापेक्षा हे बरं.

दोरा मधेच संपला किंवा तुटला तर नवा दोरा गाठ मारून जोडा, गाठ नळीच्या आत ढकला आणि दोन्ही टोकं आतच ठेवून त्यांच्याभोवती विणत राहा. टोकं तोकडी कापू नका.

बोटभर गोफात सगळे मणी आडवे बसले, सहा रंगांच्या सहा सलग रेघा दिसल्या आणि गोफ वाकवल्यावर मधून दोरा दिसला नाही, की ८/० घ्या. त्यातही आधी ६ रंगांचाच नमुना करा. माळ किंवा बांगडी करायची तर त्या नमुन्याचे २ सेंटिमीटर मोजा, त्यात किती मणी बसले ते पाहा, तो आकडा निम्मा करा आणि हव्या त्या लांबीच्या सेंटिमीटरांनी गुणा. दुसऱ्या कुणाच्या हातचा आकडा घेऊ नका. ताण बदलला की मण्यांची संख्याही बदलते. बांगडीसाठी आलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच फेऱ्यांचे मणी जास्त ओवा. उरलेले मणी दोऱ्यावरून काढता येतात, कमी पडलेले मात्र गुंडा कापल्याशिवाय घालता येत नाहीत.